केस गळायला लागले आणि मी एका तारखेसाठी १९ दिवस हिंडले

मे महिन्याच्या शेवटी न्हाणीघराच्या जाळीवर पाणी तुंबायला लागलं. रोज केसांचा एक गोळा निघायचा. विंचरताना वेगळे, उशीवर वेगळे. सासूबाईंनी माक्याचं तेल काढून दिलं, शेजारच्या वहिनींनी कांद्याचा रस सांगितला. माझा संशय मात्र गोळीवर होता. मला अर्धशिशी आहे आणि डोकं ठणकायला लागलं की घ्यायला म्हणून मेमध्येच नॅप्रोक्सेन सुरू झालं होतं. इंटरनेटवर त्याचं माहितीपत्रक वाचलं, त्यात केस गळणं नोंदलेलं होतं. म्हटलं, सापडला चोर. गोळी बंद केली आणि चार दिवस डोकं धरून अंधारात पडून राहिले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चिमटीत पन्नासेक केस धरून हलकेच ओढले. सात-आठ हातात आले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा, मोहरीहून बारीक ठिपका होता. त्या म्हणाल्या, "हे केस आज मेलेले नाहीत. दोन-तीन महिन्यांपूर्वी त्यांची वाढ थांबली, ते आता गळतायत. तेव्हा काय झालं होतं? ताप? ऑपरेशन? नवीन औषध?" म्हणजे मेमधल्या गोळीने मेमध्येच केस जाणं या हिशोबात बसत नव्हतं. रोज ५० ते १०० केस गेले तर चालतं, असंही त्या म्हणाल्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासायला सांगितलं. सगळं ठीक आलं.

मग आठवलं की डोकं दुखूच नये म्हणून रोज रात्री घ्यायची एक गोळी त्याआधीपासून चालू होती. नाव डायव्हॅलप्रोएक्स. ती कधी सुरू झाली आणि मात्रा कधी वाढवली, हे बाईंना हवं होतं. आणि तेच माझ्याकडे नव्हतं. घर बदलताना जुनी चिठ्ठी हरवली होती. दुकानदार पट्टी कापून देतो, त्यामुळे अर्ध्या वेळा हातातल्या तुकड्यावर नावसुद्धा नसतं.

ज्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं होतं तिथे गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "फाईल रेकॉर्डला गेलीय, सोमवारी या." सोमवारी रेकॉर्डचे सर रजेवर. बुधवारी सर भेटले, तर म्हणाले की झेरॉक्स द्यायला डॉक्टरांची सही लागते आणि डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारीच असतात. शुक्रवारी डॉक्टर परिषदेला गेलेले. पुढच्या मंगळवारी पुन्हा खिडकीवर, तर नवीन माणूस. "पेशंटला स्वतः यावं लागेल." मी म्हटलं, "अहो, मीच पेशंट." त्याने आधार कार्ड मागितलं. ते दिलं. मग म्हणाला, विमा कंपनीचं पत्र आणा. कसली विमा कंपनी? मला माझ्याच फाईलमधली दोन पानं हवी होती! त्या बाकावर मी एकूण सहा खेपा घातल्या. दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा, आणि घरी आलं की पुन्हा जाळीवर केस. रडूच फुटायचं.

सुटका केली भावजींनी. ते वकील आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची असं आहे, हे त्यांनी सांगितलं. त्या नियमाचा उल्लेख करून चार ओळींचा अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घेतला. शिक्क्यासाठीही भांडले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, कागद तयार आहेत. तोंडी विचारत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

आणि हे मला फार उशिरा सुचलं: मेडिकलवाल्याकडे आपल्या मोबाईल नंबरवर जुनी बिलं निघतात. गोळी कधी घेतली ते तिथेच कळलं असतं. मात्रा का वाढवली, एवढंच काय ते फाईलमधून लागलं असतं.

कागदावर स्पष्ट होतं. १२ फेब्रुवारीला २५० मिलिग्रॅम, ११ मार्चला ५००. बाईंनी बोटावर महिने मोजले आणि मान हलवली. या औषधाने केस विरळ होतात हे माहीत आहे, आणि मात्रा वाढली की शक्यता वाढते, असं त्यांनी सांगितलं. पण एका दिवसात बंद करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. मेंदूविकारतज्ज्ञांनी काही आठवड्यांत मात्रा कमी करत आणली आणि दुसरं औषध दिलं. नॅप्रोक्सेन मी उगाचच सोडलं होतं.

माझं वय ४९, म्हणून एक गोष्ट मला लागू नव्हती. पण हे औषध पोटातल्या बाळाला धोक्याचं आहे, तेव्हा तरुण मुलींनी ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी त्याबद्दल बोलावं.

मी या त्रासाची नोंदही केली. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते. १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे, आणि रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख. सगळे रकाने भरले, एकही रिकामा ठेवला नाही.

ऑक्टोबरपासून गळती थांबली. कपाळाच्या कडेला आता बोटभर केस आलेत आणि ते किंचित कुरळे आहेत, माझे आधी सरळ होते. यानंतर केस असे येऊ शकतात, बाई म्हणाल्या.