कोणाला भेटायचंय?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून दोनला मी नवी मुंबईतल्या त्या विद्यापीठाच्या गेटवर हजर. रसायनशास्त्राचं व्याख्यान अडीचचं, ‘सर्वांसाठी खुले’. महापेच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला बसून रोज एचपीएलसी यंत्राच्या आलेखातले उंचवटे बघणाऱ्या बाईने त्यासाठी हाफ डे टाकलेला.

रजिस्टरमध्ये रकाना होता, ‘कोणाला भेटायचे’. मी लिहिलं, व्याख्यान.

“मॅडम, व्याख्यानाला भेटता येत नाही. माणसाचं नाव लिहा.”

पाहुण्या शास्त्रज्ञांचं लिहिलं. सिक्युरिटीकाकांनी काचेखालच्या यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. “हे आपल्याकडे नाहीत. एक्स्टेन्शन काय?” अहो, ते आजच आलेत! विभागाला फोन केला, तर जेवणाची सुट्टी. ऑनलाइन नोंदणी दाखवली, तर प्रिंटआउट हवी. (त्या फॉर्मचंही तेच. ‘विद्यार्थी क्रमांक’ टाकल्याशिवाय पुढे सरकेना. मी दहा शून्यं टाकली, चाललं.) उन्हात पस्तीस मिनिटं गेली. माझा आवाज चढला, ते चुकलंच. काका बिचारे हुकमाचे ताबेदार. शेवटी टपरीवरून चहा पिऊन परतणारी पीएचडीची एक मुलगी म्हणाली, “माझं नाव लिहा ना.” मिनिटात पास!

तेव्हा विभागातल्या कुणाचं तरी नाव आणि एक्स्टेन्शन आधीच मिळवा.

सुरुवात हुकली, पण मुख्य भाग सापडला. अझाइड (तीन नायट्रोजनची साखळी) आणि अल्काइन (तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन) हे रेणूंचे तुकडे तांब्याच्या साथीने झटपट जुळतात. पण तांबं जिवंत पेशीला विषारी. म्हणून अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझींनी अल्काइन आठ कार्बनच्या कड्यात बसवलं. पाहुण्यांनी प्लास्टिकची पट्टी वाकवली आणि सोडली. ती थेट पहिल्या रांगेत. कड्यात वाकलेल्या अल्काइनमध्ये असाच ताण असतो, त्यामुळे तांबं लागतच नाही. पेशीला अझाइड लावलेली साखर द्यायची, ती पेशी पृष्ठभागावर मिरवते, मग तिथे चमकणारा रेणू जोडायचा. 2022 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये बर्टोझींचा वाटा याच कामाचा. बीएस्सीला असं कुणी शिकवलं असतं तर!

हो, आणि पासवर ‘भेटलेल्या व्यक्तीची सही’ लागते, हे कुणी सांगत नाही. ती मुलगी केव्हाच लॅबमध्ये गायब. चहाच्या टेबलाशी मी पास पाहुण्यांपुढेच धरला. त्यांनी हसत सही केली.

गेटवर काकांनी चष्मा लावला. “नाव एकाचं, सही दुसऱ्याची?”

“ज्यांना भेटायचं होतं, त्यांचीच आहे.”

पास मला जपून ठेवायचा होता. काकांनी तो तारेत खोचला.