तुम्ही विचारलंत म्हणून: उघडी का नाही घेतली?

"एमजी घेतलीस ती घेतलीस, मग उघडी का नाही घेतलीस?" माझी गाडी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, बंद, म्हणजे कायमच्या छपराची; उघडी म्हणजे तिचीच टप उतरवता येणारी बहीण. पेट्रोल भरताना अनोळखी इंग्रज आजोबा हेच विचारतात. लेस्टरच्या मंडळात आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत वहिन्या हेच विचारतात. पुण्याहून आलेल्या भाच्याने तर गाडी बघायच्या आधीच विचारलं, "आत्या, बंद गाड्या काय, आमच्या सोसायटीत रांगेने उभ्या असतात." माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात, समोरचं माणूस बघून त्यातलं एक देते. आता त्या तिन्हींचा मलाच कंटाळा आलाय.

या वयात जुनी गाडी कशाला, आणि बाईमाणसाला ती झेपते का, हे दोन प्रश्न इथे घेणार नाही. त्यांच्यावर आपलं बोलून झालेलं आहे.

पहिलं उत्तर पावसाचं. "इंग्लंडात पाऊस किती, उघडी गाडी घेऊन करू काय?" वहिन्यांना हे लगेच पटतं. खरं म्हणजे या उत्तरात काही दम नाही. इथली माणसं कडाक्याच्या थंडीतही कानटोपी घालून टप उघडं टाकून हिंडतात. पाऊस आलाच तर टप चढवता येतं. थोडी झटापट होते एवढंच: पुढची पट्टी काचेच्या चौकटीला अडकवायची, मग कडेची टिचबटणं एकेक करून लावायची, आणि गारठ्याने कापड आखडलेलं असलं की शेवटचं बटण काही केल्या जागेवर पोचत नाही. पण ब्लाउजाचे हूक लावण्यात जन्म गेलेल्या बाईला त्याचं काय एवढं!

दुसरं उत्तर रूपाचं, आणि ते मी मनापासून देते. एमजीबी 1962 साली आली ती उघडी. 1965 मध्ये तिला छप्पर मिळालं आणि तिची जीटी झाली. ते छप्पर रेखाटण्यात गाड्यांचं रूप आखणाऱ्या इटलीच्या पिनिनफारिना कंपनीचा हात होता. त्यांनी एक साधी गोष्ट केली, समोरची काच उंच केली. त्यामुळे छप्पर वरून आणून ठेवल्यासारखं दिसत नाही, बॉनेटपासून मागच्या दरवाज्यापर्यंत रेघ एका दमात उतरते. मला विचाराल तर उघडीपेक्षा जीटीच अधिक पुरी झालेली गाडी आहे. मागचा दरवाजा वर उघडतो. मंडळाची गणपतीची मूर्ती गेल्या वर्षी माझ्याच गाडीतून आली, हे उघडीवाल्यांनी लक्षात घ्यावं. आणि 1973 ते 1976 या काळात कारखान्याने या गाडीत मोठं व्ही-8 इंजिन घातलं, तेही फक्त बंद गाडीत. असं असून जीटी स्वस्त मिळते. वर्षानुवर्षं लोकांनी जीटी मोडून तिचे सुटे भाग उघड्या गाड्या जगवायला वापरलेत. माझी 1970 ची हिरवी जीटी त्यातून वाचली, याचं मला कौतुक आहे.

तिसरं उत्तर गंजाचं. ते मी फक्त जाणकारांना देते, कारण ते लांबतं.

कोल्हापूरला मामांकडे मद्रासच्या कारखान्यातली स्टँडर्ड हेराल्ड होती. तिला खाली वेगळी चासी होती, टप वरून बोल्टांनी कसलेलं. ते काढलं तरी गाडीचा कणा शाबूत राहायचा. एमजीबीला अशी चासी नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. तिचं छप्पर काढलं की उरतो तो झाकण नसलेला खोका, आणि मग त्याला ताठ ठेवण्याचं बरंचसं काम दोन्ही दारांखालच्या लोखंडी पेट्यांवर येऊन पडतं. त्यांना इथे सिल म्हणतात. एकात एक बसवलेल्या पत्र्यांची ही पेटी आतून गंजते, बाहेर रंग चकचकीत राहतो. ती गेली की उघडी गाडी मधोमध वाकायला लागते. बंद गाडीचीही सिल गंजतात, पण तिला निदान छप्पर धरून ठेवतं. त्यातून 2018 च्या मे महिन्यापासून इथे 40 वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी सक्तीची राहिली नाही. म्हणजे पारख घेणाऱ्यानेच करायची.

एवढं सांगितलं की जाणकार मान डोलावतात आणि विषय संपतो. मी तो मुद्दाम तिथेच संपवते.

मी उघडी बघायला गेले होते. नुसती बघायला नाही, घ्यायलाच गेले होते. 2019 च्या वसंतात, लिंकनशायरमधल्या एका गावी. गाडी 1972 ची, पांढरी, क्रोमच्या बंपरची. मालक निवृत्त गृहस्थ, अगदी सभ्य. त्यांनी चहा दिला, कागदपत्रं फाइलमध्ये तारखेवार लावून ठेवलेली. आम्ही पोचायच्या आत त्यांनी टप उतरवून ठेवलं होतं. नवरा त्यांच्या अंगणात थांबला, मी चालवायला बसले, मालक शेजारी.

काय सांगू तुम्हाला! चोक आत ढकलला आणि इंजिनाचा सूर जमला. दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर आपटून तो परत कानात येत होता. कोबीच्या शेतांचा उग्र वास, वारा थेट केसांच्या मुळांत. मी मोठ्याने हसले, आणि मालकही हसले. त्या क्षणी त्यांनी हवी ती किंमत सांगितली असती तरी मी हो म्हटलं असतं.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तात्पुरता सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो. समोरून वाहनं येत होती, त्यातली एक व्हॅन आमच्या अगदी शेजारी येऊन हळू झाली. इथे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याची खिडकी आणि माझा खांदा यांच्यामध्ये हातभर हवा. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, तिथे राहणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. त्याच्या शेजारचा हसला आणि व्हॅन निघून गेली.

माझा डावा हात गिअरवर होता. उजवा आपोआप दाराकडे गेला, काच वर करायला. वर करूनही काय होणार होतं? दाराची काच वर आली असती आणि तिच्यावर आभाळ मोकळंच. मालकांनी समोरचा कप्पा उघडला, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं, मिटला. मग म्हणाले, "हा सिग्नल फार वेळ घेतो."

परत आल्यावर मी जॅक मागितला. ते ठरवूनच गेले होते, त्या व्हॅनशी त्याचा संबंध नाही. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. एमजीबीला दाराखाली सिलच्या मध्यावर जॅकची जागा असते, तिथे जॅक लावला की ती बाजू उचलली जाते. मालक म्हणाले, लावा ना. मी फिरवायला लागले. जॅक वर जात होता, गाडी वर येत नव्हती. मग करकर असा आवाज झाला आणि खाली फरशीवर तांबड्या पोपड्यांचा सडा पडला. दाराखालची फट पार मिटली. मी दार उघडून बघितलं, उघडेना. बोटाने खालचा काळा रंग खरवडला तर त्याच्यामागे भोकं बुजवायच्या लांबीचा थर, आणि त्या थरामागे कुजक्या सिलवर वरून चिकटवलेला नवा पत्रा.

त्यांना हे माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. त्यांनाही कुणीतरी असंच फसवून विकली असणार. पण ते भडकले. मी त्यांची गाडी मोडली म्हणाले. गाड्यांतलं काही कळत नसताना हात कशाला लावता म्हणाले. शेजारच्या घरातून माणसं डोकावली, इतका त्यांचा आवाज चढला. प्रकरण मिटावं म्हणून नवऱ्याने पाकीट बाहेर काढलं. त्या पाकिटावरून घरी येईपर्यंत आम्ही भांडलो.

मला राग त्या पत्र्याचा नव्हताच. सिलसाठी त्या गृहस्थांकडे एवढा मोठा आवाज होता, तो सिग्नलपाशी कुठे गेला होता?

त्यानंतर काही आठवड्यांत मी जीटी घेतली आणि विचारणाऱ्यांना सिलचं शास्त्र सांगू लागले. आता मीच माझी उलटतपासणी घेते. बाई गं, सिल बदलता येतात. दाराच्या चौकटीला आधार देऊन, सडलेला पत्रा पुरता कापून नवा वेल्ड करणारे कारागीर या मिडलंड्समध्ये ढिगाने आहेत. तेही नको असेल तर 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर उघड्या एमजीबीच्या कोऱ्या बॉडी काढते. तशा बॉडीवर बांधलेली गाडी पैसे मोजले की मिळते, आणि पैसे होते. मग दुसरी एकही उघडी गाडी तू बघायला का गेली नाहीस?

गेले नाही, हे खरं. काच आणि छप्पर हवं होतं, हेही खरं असावं. पण "आत्या घाबरली" एवढंच त्यातून काढू नका, कारण ते पुरतं खरं नाही. मी जीटीकडे वळले तेव्हा मन मारून वळले नाही. तिच्यात बसले, मागचा दरवाजा खाली ओढून लावला, तेव्हा जे वाटलं ते हवं ते मिळाल्याचंच वाटलं. भीतीने घेतलेल्या गाडीला कुणी दर रविवारी एवढं पुसत बसत नाही.

लेक यावर माझी चांगली जिरवते. "आई, कोल्हापुरात तू लुनावरून कॉलेजला जायचीस ना? तिला कुठे काच होती?" नव्हती. आणि तिथे काय रस्त्याकडेची पोरं गप्प बसायची? पण तिथे मी लुना थांबवून उत्तर द्यायचे, आणि ते असं द्यायचे की पुन्हा तो त्या कोपऱ्यावर दिसायचा नाही. इथे औषधाच्या दुकानात दिवसभर इंग्रजी बोलते, म्हाताऱ्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगते. शिवी मात्र वेळेवर तोंडात येत नाही, रात्री जेवताना येते. लेक म्हणते, म्हणजे तुला छप्पर नाही, शब्द हवे होते. मी म्हणते, तू इथे जन्मलीस, तुला दोन्ही आयतं मिळालं. त्यावर ती चिडते. हे भांडण आमच्यात इतक्यांदा झालंय की नवरा आता चहाचा कप घेऊन उठून जातो.

मध्यंतरी त्यानेच एक तोड काढली. अनेक जीटींच्या छपराला मधोमध कापडी झरोका बसवलेला असतो, वेबास्टो या कंपनीचा. हवा तेव्हा मागे सारायचा, नको तेव्हा ओढून घ्यायचा. वारा वरून, काचा कडेला जिथल्या तिथे. एक कारागीर बसवूनही देतो म्हणाला. पण त्यासाठी छप्पर कापावं लागतं, आणि कापलं की कापलं. लेक म्हणते कापच. नवरा म्हणतो विचार कर. कागदी साचा करून मी तो छपरावर चिकटपट्टीने लावून बघितला, चालकाच्या जागी बसून मान वर करून किती आभाळ दिसेल त्याचा अंदाज घेतला, आणि साचा काढून ठेवला. कारागिराला फोन केलेला नाही. का नाही केला, ते इतक्यात विचारू नका.