सर, माझ्याशी बोला

मी साइन लँग्वेज इंटरप्रीटर आहे. आई-वडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे भारतीय सांकेतिक भाषा घरातच आली. रीतसर प्रशिक्षण पुढे वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत घेतलं. कोर्ट, इस्पितळ, बँक, लग्नाची बैठक, सगळीकडे हे काम केलं आहे. तरी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या 'विविधता, समता आणि समावेशन' परिषदेतली ती दुपार मनातून जात नाही. आमच्या कामात गुप्तता पाळावी लागते. ज्या दोघांची ही हकिकत आहे, त्यांना विचारूनच लिहिते आहे.

आम्ही दोघं इंटरप्रीटर होतो, मी आणि एक सहकारी. वीस-पंचवीस मिनिटांनी अदलाबदल करावीच लागते, नाहीतर डोकं थकतं आणि हात चुकायला लागतात. सकाळची भाषणं चांगली झाली. एका प्राध्यापकांनी शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशापासून, म्हणजे करवीर संस्थानातल्या ५० टक्के राखीव जागांपासून सुरुवात केली आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीपर्यंत आले. एका वक्त्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर बोलल्या. मध्येच स्लाइड दाखवायला कुणीतरी सभागृहातले दिवे घालवले आणि तिसऱ्या रांगेतल्या कर्णबधिर विद्यार्थ्यांना माझे हात दिसेनासे झाले. सहकारी धावत लाइटवाल्या दादांकडे गेला. त्यांनी दोन मिनिटांत एक दिवा माझ्यावर सोडला आणि दिवसभर तो हलू दिला नाही. त्या दादांचे आभार मंचावरून कुणी मानले नाहीत, म्हणून इथे मानते.

जेवणानंतरच्या सत्रात ताईंचं भाषण होतं. ताई कर्णबधिर आहेत, कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या इतिहासावर संशोधन करतात. त्यांनी निबंध आठवडाभर आधी पाठवला होता आणि त्यातल्या प्रत्येक नावाची खूण आम्ही एकत्र बसून ठरवली होती. त्यांच्यासाठी वीस मिनिटं ठरलेली. मी पहिल्या रांगेत माइक घेऊन त्यांच्याकडे तोंड करून बसले. त्या मंचावर साइन करणार, मी ते आवाजात सांगणार.

आधीच्या तिघांनी भरपूर वेळ घेतला. अध्यक्षांच्या हातात चिठ्ठी आली आणि ते म्हणाले, "आता वेळ फार कमी आहे. शिवाय इंटरप्रीटरमुळे दुप्पट वेळ जाणार. तेव्हा मॅडमनी पाच मिनिटांत सारांश सांगावा, पूर्ण निबंध आपण छापूच."

मी ते जसंच्या तसं साइन केलं. कुणाचं बोलणं मऊ करणं किंवा गाळणं हे आमचं काम नाही. ताईंनी विचारलं, आणि माइकवरून माझ्या आवाजात ते सभागृहभर गेलं: "माझ्या आधीच्या तिघांनी किती मिनिटं घेतली, सर?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यांना जरा समजावून सांगा ना."

हेही मी साइन केलं. ताईंचे हात लगेच उठले आणि मी बोलले: "सर, माझ्याशी बोला. मी इथे उभी आहे. ती फक्त माझा आवाज देते आहे. आणि दुप्पट वेळ लागत नाही, आत्ता तुम्ही ऐकताच आहात."

खरंच लागत नाही. मी एखाद-दुसऱ्या वाक्याच्या अंतराने मागोमाग बोलत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील इंटरप्रीटरसह सर्वोच्च न्यायालयापुढे हजर झाल्या, आणि न्यायालयाने ते कामकाज ऐकलं. मला आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. इंटरप्रीटर कर्णबधिरांसाठी आणला आहे असं सगळे धरून चालतात. त्या दुपारी ताईंची भाषा न येणाऱ्यांनी सभागृह भरलेलं होतं. माझी गरज त्यांना होती.

सकाळचे ते प्राध्यापक प्रेक्षकांतून उठले आणि म्हणाले, चहा उशिरा घेऊ. अध्यक्षांनी मान हलवली, यावेळी ताईंकडे बघून, आणि म्हणाले, "मॅडम, तुमची वीस मिनिटं."

ताईंनी १८८० च्या मिलान परिषदेपासून सुरुवात केली. कर्णबधिर मुलांना कसं शिकवावं हे ठरवायला तिथे १६४ प्रतिनिधी जमले होते, आणि त्यांत कर्णबधिर एकच होता. ठराव झाला की शाळांतून सांकेतिक भाषा काढावी, तोंडी बोलण्यावरच भर द्यावा. त्याच दशकात मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. मिलानच्या ठरावांचा प्रभाव जगभर पसरला आणि आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या मुलं ओठ वाचायला आणि न ऐकलेले आवाज काढायला शिकत राहिली. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेत. मध्ये १३० वर्षं गेली.

मग त्या स्वतःच्या शाळेबद्दल बोलल्या. "वर्गात आम्हाला हात मांडीखाली दाबून बसायला लावत. मधल्या सुट्टीत संडासामागे जाऊन आम्ही बोलायचो." आवाज देताना 'मी', 'आम्ही' असंच म्हणायचं असतं. ते म्हणताना मला बाबा आठवले, त्यांचंही शाळेत हेच झालं होतं. आवाज स्थिर ठेवायला मला जोर लावावा लागला.

पहिला प्रश्न आला, "एवढ्या अडचणींवर मात करायची प्रेरणा कुठून मिळाली?" ताई म्हणाल्या, "माझ्या निबंधाबद्दल विचारा ना." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना खरोखर चर्चा हवी होती. मग शाळांतल्या शिक्षक-प्रशिक्षणावर दोन चांगले प्रश्न आले.

शेवटी तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला. अनुदानित कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यातून त्याला प्रवेश मिळाला. "पण वर्गात इंटरप्रीटर नाही," तो म्हणाला. "सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. मी शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतो. तो आला नाही, तर त्या दिवशी माझं कॉलेज नसतं. मला वर्गात इंटरप्रीटर कधी मिळेल?"

मंचावर विद्यापीठाचे अधिकारी होते. त्यांनी प्रश्न लिहून घेतला. उत्तर आलं नाही.

जागा देऊन वर्गात मुकं बसवणं हा प्रवेश नव्हे, असं माझं ठाम मत आहे. कायद्यात वाजवी सोयींची तरतूद आहे, आणि इंटरप्रीटर ही त्यातली पहिली सोय असायला हवी.

चहाच्या वेळी ताई त्या मुलाला घेऊन कॅन्टीनमध्ये बसल्या. दोघांचं साइनमध्ये इतकं भरभर चाललं होतं की मला काहीच काम उरलं नाही. ताईंनी त्याच्याकडून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून घेतला: विषय, आठवड्याचे तास, कायद्यातली कलमं, इंटरप्रीटर कुठून मिळेल याची माहिती. मराठीचं व्याकरण तपासायला तेवढं मला बोलावलं. सोमवारी त्याने अर्ज दिला आणि पोचपावतीचा फोटो आम्हा दोघींना पाठवला. कॉलेजचं उत्तर अजून यायचं आहे. जूनमध्ये त्याचं दुसरं वर्ष सुरू होईल.