गुणाकाराचे उद्योग: ओव्हर, रांगोळी आणि चिंचोके

मंडळी, रोजच्या वस्तूंतून पोरांना गुणाकार खेळवायचा माझा उद्योग चालूच आहे. मागच्या अपडेटमध्ये अंड्यांच्या ट्रेवर होतो, ५ × ६ वाला. तो आता भाचीला आणि सोसायटीतल्या पोरांना फारच सोपा झालाय, बघितलं की तीस म्हणून मोकळे. गोळ्यांच्या स्ट्रिपा पण आणून बघितल्या, कुणी ढुंकून बघितलं नाही.

क्रिकेट मात्र तुफान चाललंय. टी-ट्वेंटी मॅच लावायची, स्क्रीनवर उरलेले बॉल दाखवतात तिथे उशी धरायची आणि विचारायचं, १४.३ ओव्हर झाल्या, बॉल किती राहिले? चौदाचा पाढा अजून कुणाला येत नाही पण एकाने आपणहून फोडला, दहा सक साठ, चार सक चोवीस, चौऱ्याऐंशी, वर तीन म्हणजे सत्त्याऐंशी, एकशेवीसातून गेले, राहिले ३३. आणि पॉइंट तीन म्हणजे इथे तीन बॉल, दशांश नव्हे, यावर मोठ्या मुलांमध्येच जुंपली ते वेगळंच.

आता या महिन्याचा खरा माल, ठिपक्यांची रांगोळी. १५ ते ८ वाली, म्हणजे मधल्या ओळीत १५ आणि वर-खाली एकेक कमी होत ८ पर्यंत. ठिपक्यांचा कागद आईकडे होताच. एकूण ठिपके किती सांगा, पण एकेक मोजायचे नाहीत. आधी सगळ्यांनी गुपचूप मोजायलाच घेतले, तिसऱ्या ओळीत कंटाळले, आणि मला नेमकं तेच हवं होतं कारण मोजायचा कंटाळा आल्याशिवाय गुणाकार कुणालाच आठवत नाही. मग भाचीने वरच्या ८ च्या ओळीला खालची १४ ची ओळ जोडली, २२. ९ ला १३ जोडली, परत २२! अशा सात जोड्या, ७ × २२ म्हणजे १५४, मधले १५ धरून १६९.

पुढची गंमत मला माहीत होती पण गप्प बसलो. तेवढेच चिंचोके दिले आणि म्हणलं याचा चौरस करून दाखवा, एकही उरायला नको. बराच वेळ १२ × १२ वर अडकले, २५ उरत होते. एका मुलाने ते २५ दोन बाजूंना आणि कोपऱ्यात लावले आणि १३ × १३ तयार! रांगोळीच्या षटकोनाचा चौरस झाला म्हणून जो काय आरडाओरडा झाला, खालच्या काकू वर आल्या.

कागदावरचं एकच केलं, देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या डेमलो संख्या. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, पुढचं पोरंच सांगतात. नऊ एक्क्यांपर्यंत मस्त चढतं-उतरतं, दहा एक्के घेतले की हातचा येऊन सगळं बिघडतं, ते त्यांना स्वतःला सापडू द्या, आधी सांगू नका. डेमलो हे नाव कापरेकरांनी रेल्वे स्टेशनवरून ठेवलंय, म्हणजे आत्ताचं डोंबिवली, हे कळल्यावर आमच्या लोकलवाल्या पोरांना ती संख्या एकदम घरचीच वाटायला लागली.

काहीजण विचारतात की मग पाढे पाठ करायचे का नाही. करायचेच! सात सक बेचाळीस तोंडात नसेल तर कोडं रंगायच्या आधीच मूल दमतं. मी रोज जेवायच्या आधी एक पाढा म्हणून घेतो, तिथे तडजोड नाही.

पुढच्या वेळी १७ ते ९ घेणार, २१७ ठिपके. त्याचा चौरस होत नाही, फक्त ७ × ३१ ची लांबडी पट्टी होते, बघू किती वेळात शोधतात. चौरस होणारी पुढची रांगोळी थेट २०९ ते १०५, म्हणजे १८१ × १८१, ३२,७६१ ठिपके. कुणाकडे मोठं अंगण असेल तर कळवा, चिंचोके वर्गणी काढून जमवू.