रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्ट आणि ‘कन्फर्म करून घ्या’

ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्यांमध्ये माझी हिपॅटायटिस सीची (यकृताला होणारा विषाणूसंसर्ग) अँटिबॉडी टेस्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे पॉझिटिव्ह, आली. सर्जन म्हणाले, "कन्फर्म करून घ्या, मग तारीख ठरवू." इथवर सगळं पटापट झालं. पुढे त्या ‘कन्फर्म करून घ्या’मध्ये लॅबने मला जे लटकवून ठेवलं, त्याची चीड अजून गेलेली नाही.

काउंटरवर सांगितलं, कन्फर्मेशन हवंय. रक्त घेतलं, रिपोर्ट आला, पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह. बारीक अक्षरं वाचली तर तीच टेस्ट, तीच पद्धत, तेच किट. "मॅडम, दोनदा आलंय म्हणजे आहेच," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. अहो, रक्तातल्या ज्या कशाने किटला एकदा चकवलं, ते दुसऱ्यांदाही चकवणारच! ही टेस्ट शोधते अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूला दिलेलं उत्तर. विषाणू आज रक्तात आहे का, हे आरएनए पीसीआर सांगते, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य (आरएनए) शोधणारी टेस्ट. लागण झालेल्यांपैकी 15 ते 45 टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांत औषधाशिवाय जातो, अँटिबॉडी मात्र वर्षानुवर्षं राहते. आणि काहींना लागण कधी झालेलीच नसते, तरी किट रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं.

मी मशीनने दिलेला आकडा मागितला. रिपोर्टवर नुसता शब्द छापतात, पण मशीन एक गुणोत्तर देतं. बहुतेक किटांमध्ये 1 ही सीमा, त्यावर गेलं की रिअ‍ॅक्टिव्ह. सीमेला चिकटून असलेला आकडा खोटा ठरण्याची शक्यता बरीच जास्त. "आकडा आम्ही देत नाही." का देत नाही? "सिस्टिममध्ये येत नाही." दुसऱ्या वेळी, "डॉक्टरांनी लिहून दिलं तर बघू." शेवटी मी रिपोर्टखाली ज्यांची सही होती त्या पॅथॉलॉजिस्टनाच भेटायचा हट्ट धरला आणि त्या येईपर्यंत हलले नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. 1.4. "अगदी काठावर आहे, आरएनए करायलाच हवं होतं," म्हणाल्या आणि स्वतः फॉर्म भरला. तुम्हीही थेट सही करणाऱ्या डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी मात्र आपला आकडा ताडून पाहू नका, प्रत्येक किटचं गणित वेगळं असतं.

‘99 टक्के अचूक’ या शब्दांवरही जाऊ नका. समजा हजार जणांमध्ये खरी लागण पाचच जणांना आहे आणि निरोगी माणसांपैकी 99 टक्क्यांना किट बरोबर ‘नाही’ म्हणतं. तरी उरलेल्या 995 मधले दहाएक जण खोटे रिअ‍ॅक्टिव्ह येतील. म्हणजे पंधरा रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्टांपैकी दहा चुकीचे! जिथे लागण जास्त, तिथे याच किटचे बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह खरे निघतात.

अँटिबॉडी रिअ‍ॅक्टिव्ह आली की पुढची टेस्ट आरएनएची, हे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2013 मध्येच सांगितलंय. 2023 मध्ये तर दोन्हींसाठी रक्त एकाच भेटीत घ्या, असंही सांगितलं. हे होऊ शकतं, तर घाबरलेल्या माणसाला पुन्हा काउंटरवर उभं का करायचं? म्हणून पहिल्याच वेळी विचारा: रिअ‍ॅक्टिव्ह आली तर त्याच भेटीतल्या रक्तावर आरएनए करता का? नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा. माझं आरएनएचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नव्या नळीत घेतलं. फॉर्मवर ‘एचसीव्ही आरएनए’ (एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू) असं स्पष्ट लिहिलंय ना, तेवढं स्वतः पाहा.

उलट बाजूही आहे. लागण नुकतीच झाली असेल तर अँटिबॉडी दिसायला साधारण 8 ते 11 आठवडे लागतात, आरएनए एकदोन आठवड्यांत दिसतो. त्यामुळे अलीकडे धोका घडला असेल तर नुसत्या नॉन-रिअ‍ॅक्टिव्हवर निर्धास्त होऊ नका. आणि आरएनए सापडलाच तरी धीर सोडू नका. आता 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. पहिला रिपोर्ट आला त्या रात्री हे मला कुणी सांगितलं असतं तर झोप लागली असती.

माझा आरएनए ‘आढळला नाही’. वाचताना हात थरथरत होते. ऑपरेशनची तारीख लगेच मिळाली. तो कागद मी फाइलमध्ये सर्वांत वर ठेवलाय, कारण पुढच्या कुठल्याही तपासणीत अँटिबॉडी पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. तेव्हा दोन्ही रिपोर्ट एकत्रच दाखवायचे. रक्तदानाला जाणार असाल तर रक्तपेढीला आधीच सांगा, त्यांचे नियम वेगळे असतात.