चौदा मजल्यांचा केदारकंठा

“लिफ्ट बंद आहे का गं?” पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी दार किलकिलं करून विचारलं. माझ्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये सात किलो कोलम, आणि ऑक्टोबरातली संध्याकाळ. “नाही, चालू आहे,” म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली ती माझ्या गुडघ्यांची नव्हती.

डिसेंबरात केदारकंठ्याला जायचं ठरलंय. उत्तराखंडातलं शिखर, उंची साधारण ३,८०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी वर पाचशे मीटर उरतात. आमची कांजूरमार्गची इमारत चौदा मजली. मजला तीन मीटरचा धरला तर एक फेरी ४२ मीटर, रोज पाच फेऱ्या, की अठरा दिवसांत केदारकंठा! वाणसामानाच्या यादीमागे हा हिशेब मांडून मी दोन दिवस खुशीत होते. मग लक्षात आलं, चौदाव्या मजल्यावरही हवा कांजूरमार्गचीच असते.

वर ऑक्सिजन कमी असतो, असं आपण सहज म्हणतो. हवेतलं त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब दोन तृतीयांशाच्या आसपास येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. याची तालीम मुंबईत होत नाही. जिन्याने मांड्या तयार होतात, दमसास वाढतो. पण २,५०० मीटरच्या वर आपलं डोकं दुखेल का, मळमळेल का, हे मॅरेथॉन धावणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. उलट असा तयारीचा गडी जोशात भरभर चढतो आणि तोच आडवा होऊ शकतो. ३,००० मीटरच्या पुढे मुक्काम एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वर न्यायचा नाही, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारायचं, आणि चालायचं सावकाश.

इथेच घोडं अडलं. सुटलेली गाडी पकडता येते मला. सावकाश चालणं कधी जमलंच नाही. धाप न लागता दोन वाक्यं बोलता यावीत इतकाच वेग ठेव, असं जाऊन आलेल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. म्हणून एका संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर, मेट्रोतून उतरलेल्या लोंढ्यात, तो वेग धरून पाहिला. अर्ध्या मिनिटात मागून आवाज आला, “ओ काकू, चला ना!” ‘चला ना’चं काही नाही. ‘काकू’ लागलं.

कपड्यांनी तर आमच्या घरची श्रद्धाच मोडली. सुती कपडा म्हणजे आरोग्य, असं लहानपणापासून ऐकलेलं. तिथे सुती चालत नाही, घाम पिऊन ओलाच राहतो आणि अंग गारठवतो. थर्मल घालून पाहताना एसी १८ वर लावून बसले होते, तर आई दारातून म्हणाली, “ताप आलाय का?”

बुटांचं मात्र कळसूबाईनेच शिकवलंय. पायथ्याच्या बारी गावाकडे उतरताना नव्या बुटात अंगठा पुढे आपटत राहिला. आठवड्यात नख काळं पडलं, दोन महिन्यांनी गळलं. आता अर्धा नंबर मोठे बूट घेतलेत आणि ते रोज ऑफिसला घालून जाते. कुर्त्याखाली ते चिखलाच्या रंगाचे रणगाडे. लेडीज डब्यात दाराशी उभी राहिले, की आजूबाजूच्या बायका पाय जरा आवरूनच घेतात.

रविवारी घरातला तांदूळ संपला, तेव्हा आईने सरळ माझी सॅक उघडली. कुकर लावता लावता म्हणाली, “तिथे वर भात शिजतो का गं?”

“पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय खूप वेळ लागतो.”

तिने झाकण फिरवून शिट्टी बसवली. “मग उद्यापासून गहू भर सॅकमध्ये. दळायचेच आहेत. शेवटच्या फेरीला उतरलीस की तशीच गिरणीत जा.”