कुणाचा अनुभव धरायचा?

"मावशी, इंटर्नशिप नाही म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही."

आमच्याकडं खोली घेऊन राहणारी गडहिंग्लजची पोरगी, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार शिकायच्या, डॉक्टरेटचा इंटरव्ह्यू देऊन आज कोल्हापुरात परत आली.

इंटर्नशिप म्हणजे पुण्यात बिनपगारी राबायचं, वर फी आणि खोलीभाडं, शेतकऱ्याच्या घरात एवढे पैसे कुठनं येणार? आणि हीच पोरगी चुलत्याला दर महिन्याला एसटीनं ओपीडीला आणते, त्याला आवाज ऐकू येतात, गोळ्या ज्वारीच्या डब्यामागं लपवतो, ती भांडत नाही, शेजारी बसून राहते. हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराचा हक्क सगळ्यांना दिलाय. मग उपचार शिकायला फक्त ऐपतवाल्यांचीच पोरं का?

निदान इंटरव्ह्यूत एवढं तरी विचारा, घरी कुणाला सांभाळलंयस का? आणि त्याला मार्क द्या की.